सुनेची नाडी

माझ्या सुनेच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, लिंबाएवढी चरबीची गाठ होती. दुखत नव्हती, पण बॅगेचा पट्टा तिच्यावर घासायचा, म्हणून लग्नानंतर आठ-नऊ महिन्यांनी ती काढून टाकायचं ठरलं. अर्ध्या तासाचं काम. सकाळी उपाशीपोटी जायचं आणि दुपारी जेवायला घरी. ती, मी आणि मुलगा असे तिघं हडपसरच्या एका लहानशा दवाखान्यात जाऊन बसलो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिच्या बोटाला चिमटा लावला, मशीनकडे पाहिलं, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला आणि पुन्हा मशीनकडे पाहिलं.

"शेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "चक्कर येते का कधी?"

"नाही."

"माहेरी कुणाला हृदयाचा त्रास?"

"नाही हो, मॅडम."

बाईंनी ईसीजी काढायला लावला, निरखून पाहिला आणि सांगितलं, "ठोके नियमित आहेत, पण फार कमी आहेत. फिजिशियनना दाखवून या. त्यांनी लेखी दिल्याशिवाय मी भूल देणार नाही."

मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतः महापालिकेच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं नर्स होते. घाई करणाऱ्या डॉक्टरपेक्षा शंका काढणारा डॉक्टर बरा, हे मी पाहून शिकले आहे. मुलाचा चेहरा मात्र पांढरा पडला. रिक्षात बसल्या बसल्या त्याने फोनवर वाचायला सुरुवात केली आणि शेजारच्या मांजरी गावात आमचं घर येईपर्यंत बायकोला पेसमेकर बसवून मोकळा झाला.

घरी आमचे हे पेपर वाचत बसले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, नाडी साठ ते शंभर असायला हवी. हिची शेहेचाळीस आहे."

ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "आणि तुझी?"

मुलाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "अठ्ठ्याण्णव."

"मग सरासरी बहात्तर पडते. उत्तम आहे."

सून हसली. हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हिला भीती वाटत नाहीये. दवाखान्यातून परत पाठवलेल्या माणसाला भीती वाटते. मी हजारो माणसं पाहिली आहेत. ही घाबरलेली नव्हती; ही काहीतरी लपवत होती.

मशीनपेक्षा माझा माझ्या तीन बोटांवर जास्त विश्वास. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर फार कडक होत्या. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, असा त्यांचा दंडक. कुणी पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर म्हणायच्या, "पाढे म्हणायचे असतील तर शाळेत जा." त्यामुळे रात्री जेवणं झाल्यावर मी सुनेला सांगितलं, "उद्या सकाळी जाग आली की उठू नकोस, चहा घेऊ नकोस. आधी मला हाक मार. खरी नाडी ती. दवाखान्यात मोजलेली नाडी अर्धी धास्तीची असते."

"हो, आई," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

सकाळी पावणेसहाला मीच गेले. मुलगा झोपलेला, शेजारची उशी रिकामी. "दूध आणायला गेली असेल," तो डोळे न उघडता म्हणाला. दुधाचं दुकान आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आहे. जायला दोन मिनिटं, यायला दोन मिनिटं. तिला रोज तासभर लागतो, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, खाली उभी राहून आईशी फोनवर बोलत असेल. वर्ध्याजवळच्या गावातली मुलगी, इतक्या लांब आलेली; तेवढं तिचं तिला असू दे, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं.

पावणेसातला ती जिन्याने वर आली. चार मजले, लिफ्ट चालू असताना. हातात दुधाची पिशवी, केस कपाळाला चिकटलेले, साधे कापडी बूट मातीने भरलेले. मला दारात पाहून थबकली.

"दुधाला गर्दी होती?" मी विचारलं.

"हो... थोडी."

मी दूध घेतलं आणि तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने हाक मारली. मी पलंगाच्या कडेला बसले आणि तिचं मनगट हातात घेतलं. शेहेचाळीससुद्धा नाही, चव्वेचाळीस. पण काय ठोका होता तो! भरीव, ऐसपैस, एकसारख्या अंतराने बोटांखाली येणारा. मंद नाडी मी पुष्कळ पाहिली होती. म्हातारी माणसं यायची, चाळीसवर नाडी, ओठ निळसर, दोन पावलं चालली की डोळ्यांपुढे अंधारी. त्यांची नाडी गरज पडली तरी वाढत नाही, तीच तर त्यांची अडचण असते. हिचं तसं आहे का, ते बघायला हवं होतं.

"खाली जाऊन पळत वर ये," मी म्हटलं.

ती गेली आणि आली. चार मजले. मी तिथेच दारात नाडी धरली. एकशे वीसच्या आसपास. खुर्चीत बसवलं, एक मिनिट थांबले, पुन्हा धरली. ऐंशीच्या खाली उतरली होती. आणखी दोन मिनिटांनी साठाच्याही खाली. चढायला तयार, उतरायला त्याहून तयार. असं हृदय मी माझ्या नोकरीत दोनदा-तीनदाच पाहिलं असेल, आणि तेही सैन्यातून सुट्टीवर आलेल्या मुलांचं.

"खरं सांग," मी म्हटलं. "ही नाडी बसून झालेली नाही. काय करतेस तू?"

तिने आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आई, रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"मी धावते. कालव्याच्या कडेने, उसाच्या रस्त्याने. रोज आठ-दहा किलोमीटर."

मग सगळं बाहेर आलं. शाळेत असल्यापासून ती धावायची. कॉलेजात असताना पाच हजार मीटरमध्ये विद्यापीठाच्या संघात होती. शारीरिक शिक्षणाची पदवी तिने घेतली होती, हे आम्हाला माहीत होतं. पण तिच्या वडिलांनी ती अशी सांगितली होती, की जणू दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून घेतली. बघायला गेलो तेव्हा मीच विचारलं होतं, मुलीला आवड कशाची? तिच्या आईने लगेच सांगितलं होतं, भरतकामाची.

"मला सुईत दोराही ओवता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही कधी काही शिवायला दिलं नाही, म्हणून वाचली मी."

"पण लपवायचं काय होतं त्यात?"

"पोरगी चड्डी घालून रस्त्यानं धावते म्हटलं की स्थळ परत जाते, आई. दोनदा गेलं. आणि तुम्ही तर मूळचे पुण्याच्या पेठेतले. बाबा म्हणाले, हे लोक बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील."

मला हे लागलं. तेव्हा ते कळलं असतं तर मी काय केलं असतं? नकार दिला नसता, असं वाटतं. पण एखादा टोमणा मारला असता, हे नक्की. तेवढ्यानेसुद्धा एखादं माणूस आयुष्यभर दुधाच्या पिशवीआड लपतं.

"रागावले आहे," मी म्हटलं. "त्या बुटांवर. असल्या बुटांनी गुडघे जातील तुझे."

त्याच आठवड्यात फिजिशियनकडे गेलो. वयस्कर डॉक्टर, बोलायला कमी. त्यांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, हृदयाची सोनोग्राफी केली आणि चष्मा कपाळावर सरकवून सुनेला विचारलं, "आपण काही खेळता का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सवयच ती; उत्तराआधी परवानगी.

"धावते," मीच म्हटलं. "रोज दहा किलोमीटर. विद्यापीठाच्या संघात होती." माझा आवाज जरा मोठा निघाला असावा, कारण बाहेर बसलेल्या पेशंटनी मान वळवून पाहिलं.

"मग काळजीचं काही नाही. सरावाने हृदय बळकट झालंय. एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर ढकलतं, म्हणून ठोके कमी लागतात. पण बसून राहणाऱ्या माणसाची नाडी अशी आली, किंवा हिलाच कधी चक्कर आली, छातीत दुखलं, तर मात्र धावपटू आहे म्हणून सोडून देऊ नका. लगेच या."

घरी मी ह्यांना समजावलं, "तुमचं-माझं हृदय तांब्याने पिंप भरतं. हिचं बादलीने."

"आणि आपल्या चिरंजीवांचं?"

"चमच्याने."

मुलगा रुसला होता. नाडीच्या विनोदामुळे नाही. बायकोने आपल्यालाही सांगितलं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्याबरोबर कालव्यावर गेला, अर्ध्या किलोमीटरनंतर एका दगडावर बसला आणि ती परत यायची वाट बघत राहिला. आल्यावर मला म्हणाला, "आई, ती धावताना तिच्या पायांचा आवाजच येत नाही गं." रुसवा तिथे संपला.

गाठ निघाली, टाके काढून झाले आणि ती उघडपणे धावू लागली. चांगले बूट मी आणून दिले. सोसायटीत चर्चा व्हायचीच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा ह्यांना लिफ्टपाशी गाठून विचारलं, "तुमची सून पळते म्हणे?"

"हो," हे म्हणाले. "पण रोज परत येते."

सकाळची नाडी मोजायचं माझं काम मात्र चालूच राहिलं. तिच्याकडेही मुलाने दिलेलं घड्याळ होतं, ते आकडा दाखवायचं. पण तिलाच माझी बोटं बरी वाटायची. जाग आल्यावर ती पडून राहायची, मी यायचे, दोघी मिनिटभर गप्प. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकींशी इतकं बोललो नव्हतो, जितकं बोलणं त्या मिनिटभराच्या गप्प बसण्याने झालं. आकडे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचे. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. रात्री जागरण झालं की सत्तेचाळीस. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की अठ्ठेचाळीस. माणूस "मला काही झालं नाही" म्हणतं, तेव्हा नाडी काय म्हणते ते ऐकावं, हे मी नोकरीत शिकले होते. ते घरातल्या माणसावर पहिल्यांदाच वापरत होते.

तिने एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. कात्रजच्या बाजूला होती, चढाची. चार महिने तिने त्यासाठी तयारी केली. शर्यत रविवारी. गुरुवारी सकाळी नाडी पन्नास आली. शुक्रवारी चोपन्न. शनिवारी साठ.

"ताप आहे का?" मी कपाळाला हात लावला. थंड होतं.

"काही नाही, आई. शर्यतीचं टेन्शन असेल."

"टेन्शनने झोपेतून उठल्या उठल्या सोळा ठोके वाढत नाहीत. तीन दिवस चढते आहे. आत काहीतरी शिजतंय. उद्या जायचं नाही."

ती उठून बसली. त्या घरात तिने पहिल्यांदा आवाज चढवला, आणि आवाज चढला तसं तिचं माहेरही वर आलं. "काऊन नाही जायचं? चार महिने मी काय उगीच मरून राहिली का? मला काहीच होऊन नाही राहिलं! आकड्यावरून तुम्ही माणसाला आजारी पाडून राहिल्या!"

मुलगा दारात येऊन उभा राहिला. कुणाची बाजू घ्यावी ते त्याला कळेना.

"मी तुला बांधून ठेवणार नाही," मी म्हटलं. "तू मोठी आहेस. पण मी तेहतीस वर्षं हेच केलं आहे, आणि अंगात ताप भरत असताना जिद्दीने राबलेली, खेळलेली तरुण माणसं मी खाटेवर पाहिली आहेत. ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. ठरव तू."

दिवसभर ती खोलीत होती. जेवायला आली नाही. मला राहून राहून वाटत होतं, चुकले तर? उद्या ती ठणठणीत राहिली तर हे मनगट पुन्हा माझ्या हातात देणार नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला दार उघडलं. डोळे लाल, अंगावर शाल. "आई," ती म्हणाली, "अंग खूप दुखून राहिलं."

मी थर्मामीटर लावला. एकशे दोन.

साथीचा ताप होता, पाच दिवस उतरला नाही. फिजिशियन तपासायला आले, कॅलेंडरवरचे पेन्सिलीचे आकडे त्यांनी वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "असा ताप अंगात असताना एकवीस किलोमीटर धावली असती, तर हृदयाला सूज येण्याची भीती होती. चांगलं थांबवलंत, सिस्टर." निवृत्तीनंतर मला कुणी सिस्टर म्हटलं नव्हतं. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

खरं सांगायचं तर थांबवलं मी नव्हतं. थांबली ती. मनातून पटलेलं नसताना, चार महिन्यांची मेहनत समोर असताना थांबली. धावण्यापेक्षा ते अवघड होतं, आणि तिचा मला पहिला खरा अभिमान वाटला तो तिथे.

तापानंतर नाडी बासष्टवर अडकली. दोन जिने चढली की दम लागायचा. ती रडवेली व्हायची. मी म्हटलं, "धावू नको, चाल. मी येते बरोबर." मी बासष्ट वर्षांची, माझी नाडी सत्त्याऐंशी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या मोजून स्वतःची कधी न मोजलेली. आम्ही दोघी उसाच्या रस्त्याने चालायला लागलो. आधी ती माझ्यासाठी थांबायची असं दाखवायची. खरं तर तीच थकलेली असायची. महिन्याभराने ती खरोखर माझ्यासाठी थांबायला लागली. दोन महिन्यांनी मीच म्हटलं, "जा आता पुढे." ती गेली. उसाच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि मुलाचं म्हणणं खरं होतं, पायांचा आवाज आला नाही.

तिची नाडी शेहेचाळीसवर यायला हिवाळा उजाडला. माझीही सत्त्याऐंशीवरून चौऱ्याहत्तरवर आली. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "आता भांडताना तुझा दम टिकेल. माझं काय होणार?"

पुढच्या वर्षी ती तीच कात्रजची शर्यत धावली. बायकांमध्ये चौथी आली. पदक तिघींनाच होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. चढ संपतो तिथे मी उभी होते आणि ती चढावर सात जणांना मागे टाकून माझ्या समोरून गेली, हे मी मोजलं आहे. माझी मोजणी चुकत नाही.

त्या चौथ्या क्रमांकामुळे नव्हे, पण त्यानंतर तिने धीर करून अर्ज केला आणि लोणी काळभोरजवळच्या एका शाळेत तिला क्रीडाशिक्षिकेची नोकरी मिळाली. परवा शाळेच्या मैदानावर पालकांसाठी कार्यक्रम होता, म्हणून मी गेले. मैदानाच्या कडेला मुलींची रांग. तिने शिट्टी वाजवली, तशा तीस-पस्तीस मुलींनी तीन बोटं मनगटावर ठेवली आणि मैदान एकदम शांत झालं. मिनिटभराने दुसरी शिट्टी. मुली आकडे ओरडायला लागल्या. एक मुलगी मागेच उभी होती, तोंड पाडून.

"किती?" सुनेने विचारलं.

"ब्याण्णव, मॅडम. सगळ्यांत जास्त माझीच हाय."

"बरं झालं. मग सगळ्यांत जास्त बदलही तुझ्यातच दिसेल. आजचा आकडा आज लिही, दिवाळीनंतरचा तेव्हा लिही, आणि या दोघांशीच भांड. शेजारणीच्या आकड्याशी तुझं काही देणंघेणं नाही."

मुलगी वही काढायला पळाली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "आपण कोणाच्या पालक?"

"मॅडमची," मी सुनेकडे बोट दाखवून म्हटलं.

येताना मी एकटीच बसने आले. तिची आणखी एक तासिका होती. शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी, खिडकीबाहेर बघत. मी बसमध्ये अनोळखी माणसाशी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी हडपसर येईपर्यंत त्यांना सगळं माहीत झालं होतं.